ज्या रांगेला खिडकीच नाही

माझा भाचा गेल्या सप्टेंबरात कोल्हापूरहून कोव्हेंट्रीला एम.एस्सी. करायला गेला. त्याआधीचे तीन महिने घरात दुसरा विषय नव्हता. ठरावीक रक्कम खात्यात २८ दिवस हलू न देता ठेवायची, टीबीची तपासणी करायची, आरोग्य अधिभाराचे वर्षाला ७७६ पौंड आगाऊ भरायचे, व्हिसाची फी वेगळी. मंजुरीचा मेल येईपर्यंत बहिणीला धड झोप नव्हती. आता तोच भाचा रविवारी फोनवर म्हणतो, "मामा, हे काय बरोबर नाही बघा. आम्ही सगळे कागद देऊन आलो, आणि ही माणसं रबरी बोटीतून येतात, त्यांना थेट हॉटेल. रांगेत उभं राहून का येत नाहीत?"

प्रश्न रास्त आहे. ब्रिटनमधली निम्मी जनता हाच प्रश्न विचारते. त्याचं उत्तर एका वाक्याचं आहे, पण ऐकणाऱ्याला ते पटकन खरं वाटत नाही. त्या माणसांसाठी रांगच नाही.

ब्रिटनकडे आश्रय मागायचा तर ब्रिटनच्या जमिनीवर पाय ठेवून मागावा लागतो. परदेशातल्या ब्रिटिश वकिलातीत जाऊन असा अर्ज देता येत नाही. आणि 'मला आश्रय मागायचा आहे, येऊ द्या' असं सांगून मिळणारा व्हिसा अस्तित्वातच नाही. म्हणजे अर्जाची खिडकी वाड्याच्या आत आणि दिंडी दरवाजा बंद. आत शिरल्याशिवाय अर्ज नाही, आणि आत शिरणं हाच गुन्हा. पुढचा सगळा गुंता या एका गाठीतून सुरू होतो.

आधी शब्दांचं बघू, कारण आपल्याकडे टीव्हीवर स्थलांतरित, निर्वासित आणि घुसखोर हे तिन्ही शब्द एकाच दमात येतात. भाचा स्थलांतरित आहे: स्वतःच्या इच्छेने गेला, उद्या परत येऊ शकतो. निर्वासित म्हणजे ज्याला परत जाणं धोक्याचं आहे, आणि ते दुसऱ्या देशाने तपासून मान्य केलं आहे. या दोघांच्या मधला तो आश्रयार्थी. त्याने अर्ज केला आहे, निकाल लागायचा आहे. तो खरा की खोटा, हे अजून कुणालाच माहीत नसतं, ना सरकारला ना त्याला हाकलायला निघालेल्यांना.

निर्वासित कुणाला म्हणायचं हे १९५१ च्या जिनिव्हा करारात लिहिलेलं आहे. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा एखाद्या विशिष्ट सामाजिक गटाचा असल्यामुळे छळ होण्याची रास्त भीती असेल तो निर्वासित. गरिबी यात बसत नाही. दुष्काळही नाही. करारातल्या दोन तरतुदी सगळ्यात जास्त वापरल्या जातात. कलम ३३ सांगतं की जिवाला धोका असेल तिथे माणसाला परत ढकलायचं नाही. कलम ३१ सांगतं की धोक्याच्या ठिकाणाहून थेट आलेल्या आणि लगेच हजर झालेल्या निर्वासिताला विनापरवाना आल्याबद्दल शिक्षा करायची नाही. करार लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर दुसऱ्या महायुद्धात युरोपभर विखुरलेली माणसं होती. जीव वाचवायला पळणारा शिक्का मारलेला पासपोर्ट घेऊन पळत नाही, हे त्यांनी पाहिलेलं होतं. (भारताने या करारावर सही केलेली नाही. तिबेटी, श्रीलंकेतले तमिळ, अफगाण यांच्याबाबत आपण प्रत्येक वेळी वेगळा निर्णय घेत आलो. तो स्वतंत्र लेखाचा विषय.)

'थेट आलेला' या शब्दांवर ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षं कीस पडतो आहे. बोटी सुटतात फ्रान्सच्या किनाऱ्यावरून आणि फ्रान्समध्ये काही युद्ध चाललेलं नाही. मग तिथेच का नाही थांबत? बहुतेक जण थांबतातच. २०२४ मध्ये जर्मनी, फ्रान्स, स्पेन, इटली यांपैकी प्रत्येक देशात ब्रिटनपेक्षा जास्त अर्ज झाले. जगाचा हिशेब घेतला तर आणखीच वेगळं चित्र दिसतं. २०२४ च्या अखेरीस घरदार सोडावं लागलेली माणसं १२ कोटी ३२ लाख होती. त्यातली ७ कोटी ३५ लाख स्वतःच्याच देशात दुसरीकडे राहत होती. देश सोडून गेलेल्या निर्वासितांतही दर तिघांपैकी दोघे शेजारच्याच देशात असतात. इराण, तुर्कस्तान, कोलंबिया, युगांडा यांच्या अंगावर जेवढा भार आहे, तेवढा लंडनमध्ये कुणी पाहिलेलासुद्धा नाही. शेवटच्या टप्प्यापर्यंत, म्हणजे इंग्लिश खाडीपर्यंत पोहोचतात ते थोडे: कुणाचा भाऊ बर्मिंगहॅमला असतो, कुणाला इंग्रजी येतं आणि फ्रेंच येत नाही, कुणाचा अर्ज जर्मनीने आधीच फेटाळलेला असतो, आणि कुणाला दलालाने सांगितलेलं असतं की तिकडे काम लगेच मिळतं.

खाडी सगळ्यात अरुंद जागी जेमतेम ३३ किलोमीटर आहे. तरी २०१८ पर्यंत ती बोटीने ओलांडण्याचा विचार फारसं कुणी करत नसे. तेव्हाचा मार्ग होता ट्रक. फ्रान्समधल्या कॅलेच्या बंदरातून किंवा खाडीखालच्या बोगद्यातून इंग्लंडला जाणाऱ्या ट्रकमध्ये, मालाच्या खोक्यांमागे लपून जायचं. कॅलेजवळ झोपड्यांची मोठी वस्तीच झाली होती, ती फ्रेंच सरकारने ऑक्टोबर २०१६ मध्ये उठवली. ब्रिटनच्या पैशाने बंदराभोवती उंच कुंपणं उभी राहिली, ट्रकांच्या तपासण्या वाढल्या. सरकारच्या दृष्टीने उपाय लागू पडला: ट्रकचा मार्ग आवळला गेला. मग दलालांनी पाण्याकडे पाहिलं.

२०१८ मध्ये छोट्या बोटींतून आले २९९ जण. २०२० मध्ये ८,४६६. २०२१ मध्ये २८,५२६. २०२२ मध्ये ४५ हजारांच्या वर. २०२३ मध्ये आकडा २९ हजारांवर उतरला, २०२४ मध्ये पुन्हा ३६,८१६ झाला आणि २०२५ मध्ये ४१ हजारांवर गेला. या आकड्यांच्या आड एक दुसरा आकडा आहे, तो जास्त भयानक. २०२० मध्ये एका बोटीत सरासरी १३ माणसं असत. २०२४ मध्ये ५० च्या वर. बोटी म्हणजे काय, तर स्वस्तातली फुगवायची रबरी साधनं आणि मागे लहानसं इंजिन. फ्रेंच पोलीस वाळूवर बोट दिसली की फाडत, म्हणून दलालांनी बोट दुसरीकडूनच पाण्यात सोडायला सुरुवात केली. माणसं कमरेइतक्या पाण्यात उभी राहून वाट बघतात आणि आलेल्या बोटीवर चढतात. चेंगराचेंगरी होते ती तिथे. २४ नोव्हेंबर २०२१ ला एकाच बोटीतली किमान २७ माणसं बुडाली.

कुंपण घातलं की पाणी बाजूने वाट काढतं, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. सरकारांना मात्र दर पाच वर्षांनी नव्याने कळतं.

ब्रिटनच्या सरकारांनी केलेल्या उपायांपैकी सगळ्यात गाजलेला रवांडाचा. १४ एप्रिल २०२२ ला बोरिस जॉन्सन यांच्या हुजूर पक्षाच्या सरकारने जाहीर केलं की बोटीने आलेल्यांना साडेसहा हजार किलोमीटरवरच्या रवांडात पाठवू, त्यांचे अर्ज तिथे तपासले जातील आणि मंजूर झाले तरी त्यांनी तिथेच राहायचं. कल्पना ऑस्ट्रेलियाकडून उचललेली होती. त्या देशाने २००१ पासून बोटीने येणाऱ्यांना नाउरूच्या बेटावर पाठवायला सुरुवात केली होती. जून २०२२ मध्ये पहिलं विमान उडायच्या तयारीत उभं असताना युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने ते थांबवलं. १५ नोव्हेंबर २०२३ ला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने योजना बेकायदा ठरवली. कारण साधं होतं: रवांडा या लोकांना पुन्हा त्यांच्याच देशात ढकलेल असा खरा धोका आहे, म्हणजे कलम ३३. त्यावर ऋषी सुनक यांच्या सरकारने काय करावं? संसदेत कायदाच केला की रवांडा सुरक्षित देश आहे असं समजावं! न्यायालयाने पुरावे पाहून काढलेला निष्कर्ष संसदेने मतदानाने उलटवला. जुलै २०२४ मध्ये मजूर पक्ष सत्तेवर आला आणि योजना गुंडाळली. तोवर नव्या सरकारच्या हिशेबाने ७० कोटी पौंड खर्च झाले होते आणि रवांडाला गेले होते चार जण. तेही स्वखुशीने.

हे वाचून हसू येतं, पण या योजनेची खरी किंमत हॉटेलांत मोजली गेली. २०२३ च्या कायद्याने ठरवलं की बोटीने आलेल्यांचे अर्ज तपासायचेच नाहीत, त्यांना बाहेर पाठवायचं. बाहेर पाठवता येईना, त्यामुळे अर्ज पडून आणि माणसंही पडून. मुळात तुंबारा आधीपासून होताच. जून २०२३ मध्ये पहिल्या निर्णयाची वाट बघणारी माणसं पावणेदोन लाखांच्या घरात होती. सरकारी निवासस्थानं भरली, मग हॉटेलं भाड्याने घेतली. सप्टेंबर २०२३ मध्ये ५६ हजार माणसं हॉटेलांत होती आणि रोजचा खर्च सुमारे ८० लाख पौंड.

भाच्याच्या मनात 'हॉटेल' म्हटलं की जे येतं, ते इथे नाही. एका खोलीत अनोळखी दोघे-तिघे, जेवण बाहेरून डब्यात आलेलं, आणि हातखर्चाला आठवड्याला १० पौंडांपेक्षाही कमी. जिथे स्वतः रांधायचं असतं तिथे आठवड्याला ४९ पौंड. काम करायला बंदी. अर्ज वर्षभर रखडला तरच परवानगी मागता येते, तीही ठरावीक कामांसाठी. एखाद्या लहान गावातलं लग्नकार्याचं एकमेव हॉटेल वर्षभर बंद, आत दोनशे तरुण पुरुष रिकामे बसलेले, बाहेर दवाखान्याची वेळ मिळत नाही म्हणून वैतागलेले गावकरी. कुणालाही दोष न देता सांगायचं तरी ही परिस्थिती पेटायला फार काही लागत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये रॉदरहॅमला जमावाने अशा हॉटेलावर हल्ला करून आग लावण्याचा प्रयत्न केला. आत माणसं होती. त्या दंगलीचं निमित्त साउथपोर्टमधली तीन मुलींची हत्या. खुनी बोटीने आलेला आश्रयार्थी आहे अशी अफवा पसरवली गेली. तो ब्रिटनमध्येच जन्मलेला होता.

मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातली महत्त्वाची खोली समुद्रकिनाऱ्यावर नाही. ती आहे कारकुनाच्या टेबलावर. अर्ज लवकर निकाली काढा: खरा असेल त्याला कामाला लागू द्या, खोटा असेल त्याला परत पाठवा. यात भाषणबाजीला वाव नाही, म्हणून कुणाला यात रस नसतो. पण याचंच एक उदाहरण आहे जे सगळे विसरतात. २०२२ मध्ये बोटीने आलेल्यांत १२ हजारांहून जास्त लोक अल्बेनियाचे होते. अल्बेनियात युद्ध नाही, तो नाटोचा सदस्य देश आहे. डिसेंबर २०२२ मध्ये ब्रिटनने अल्बेनियाशी करार केला, त्यांच्या अर्जांसाठी वेगळे अधिकारी नेमले, नाकारलेल्यांना विमानाने परत पाठवायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी बोटीतून आलेले अल्बेनियन हजाराच्या आत आले. रवांडाच्या गदारोळात ही बातमी आतल्या पानावर राहिली. अर्थात हा उपाय अफगाण किंवा एरिट्रियन माणसाला लागू पडत नाही, कारण त्याला परत घ्यायला, किंवा जिवंत ठेवायला, पलीकडे कुणी हवं ना.

फ्रान्सशी ऑगस्ट २०२५ मध्ये नवा करार लागू झाला: एकाला परत घ्या, एकाला द्या. बोटीने आलेला एक माणूस फ्रान्स परत घेईल, त्याबदल्यात फ्रान्समध्ये थांबून रीतसर अर्ज केलेला दुसरा माणूस ब्रिटन घेईल. संख्या लहान आहे, पण गंमत अशी की पहिल्यांदाच त्या वाड्याला बाहेरच्या बाजूने एक छोटी खिडकी पाडली गेली. १८ सप्टेंबर २०२५ ला या कराराखाली फ्रान्सला परत धाडलेला पहिला माणूस भारतीय होता. आणि परत पाठवलेल्यांपैकी एक इराणी महिन्याभरात पुन्हा बोटीतून ब्रिटनला पोहोचला.

खिडकी असली की काय होतं याचा पुरावा शोधायला लांब जायला नको. २०२२ पासून दोन लाखांहून अधिक युक्रेनी लोक ब्रिटनमध्ये आले. त्यातला कुणी रबरी बोटीतून आल्याची बातमी तुम्ही वाचलीत? त्यांच्यासाठी व्हिसा होता. घरबसल्या अर्ज करायचा, तिकीट काढायचं, विमानाने यायचं. हाँगकाँगच्या लोकांसाठीही तसाच मार्ग काढलेला होता. सुदानच्या माणसासाठी तो नाही. का नाही, याचं उत्तर कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही, ते मतपेटीत सापडतं.

आम्हा कोल्हापूरकरांना तर याचा नमुना घराजवळ आहे. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहिली, बहुतेक बायका आणि मुलं. रशियनांनी त्यांना पोलंडमधून उचलून सैबेरियाकडे नेलं होतं. तिथून सुटून इराणमार्गे ती इथवर आली. सरकारांनी आपसात ठरवलं, आगगाड्या सोडल्या, बराकी बांधल्या, शाळा आणि चर्च उभं राहिलं. ती गेल्यावर त्याच जागेवर फाळणीत सिंध सोडून आलेली कुटुंबं वसली. तेच आजचं गांधीनगर. भाच्याचं थंडीचं जाकीट आम्ही तिथल्याच होलसेल बाजारातून घेतलं.

आता भाच्याच्या प्रश्नाचा दुसरा भाग, जो त्याने विचारला नाही पण त्याच्या गळ्याशी आला आहे.

बोटी दिसतात. ड्रोनमधून त्यांचं चित्रण होतं, रोजचा आकडा जाहीर होतो. पण ब्रिटनमध्ये येणाऱ्या एकूण माणसांत बोटीने येणारे शंभरात चार-पाचच. आलेले वजा गेलेले, या निव्वळ स्थलांतराचा आकडा २०२३ च्या सुमारास एका वर्षात नऊ लाखांवर गेला होता. युरोपीय संघातून बाहेर पडताना लोकांना याच्या नेमकं उलट सांगितलं होतं. यातले बहुतेक आले ते सरकारनेच दिलेल्या व्हिसांवर: युक्रेनी, हाँगकाँगचे, म्हाताऱ्यांची सेवा करायला बोलावलेले केरळी आणि नायजेरियन, आणि विद्यार्थी. विद्यार्थ्यांत भारतीयांचा मोठा वाटा.

लोक चिडले ते बोटींवर. पण बोटी सरकारच्या हातात नाहीत, आणि व्हिसा हातात आहेत. मग आवळता येतं तेच आवळलं गेलं. जानेवारी २०२४ पासून संशोधन सोडून बाकी अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांना नवरा-बायको-मुलं आणायला बंदी. एप्रिल २०२४ मध्ये नोकरीच्या व्हिसासाठी लागणारा पगार २६,२०० पौंडांवरून ३८,७०० वर, जुलै २०२५ मध्ये ४१,७०० वर. वृद्धसेवेसाठी परदेशातून नवी भरती बंद. निव्वळ आकडा जून २०२५ पर्यंतच्या वर्षात दोन लाखांच्या आसपास आला. त्याच वर्षात आश्रयाचे अर्ज मात्र १,११,०८४ झाले, तोवरचा विक्रम.

व्हिसा आणि आश्रय या दोन नळ्या एकमेकींना जोडलेल्याही आहेत. त्या अर्जांत एक तृतीयांशाहून जास्त अर्ज बोटीवाल्यांचे नाहीत, ते व्हिसा घेऊन विमानाने आलेल्यांचे आहेत. २०२४ मध्ये तर सुमारे १६ हजार अर्ज विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांनी केले. काहींच्या देशात मधल्या काळात खरंच सत्ता उलटली. काहींचे पैसे संपले आणि एजंटने ही युक्ती सांगितली. गृहखात्याने मग विद्यार्थ्यांना थेट मेसेज पाठवून बजावलं की व्हिसा संपला की निघा. अशा युक्तीने मिळत काय, तर काम करायची बंदी, आठवड्याचे ४९ पौंड आणि नकार आल्यावर पुढे कुठल्याही देशाचा व्हिसा मागताना कायमचा डाग. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेने लष्करी विमानातून हातापायांत बेड्या घालून १०४ भारतीयांना अमृतसरला आणून सोडलं, त्यात महाराष्ट्रातलेही तिघे होते. 'डंकी'ची, म्हणजे चोरट्या मार्गाने परदेशी जाण्याची, वाट फक्त पंजाब-हरियाणातून जाते अशा समजुतीत आपण राहू नये.

नोव्हेंबर २०२५ मध्ये गृहमंत्री शबाना महमूद यांनी डेन्मार्कच्या धर्तीवर नवे नियम जाहीर केले. निर्वासित म्हणून मान्यता मिळाली तरी दर अडीच वर्षांनी पुन्हा तपासणी, आणि कायम वास्तव्यासाठी पाचाऐवजी वीस वर्षं. म्हणजे त्याच माणसाची फाइल त्याच टेबलावर पुन्हा पुन्हा येणार. टेबलावरच्या माणसांचं काय, हा प्रश्न आहेच. गृहखात्याने निर्णयांचा वेग वाढवल्यावर नकार वाढले, नकारांवर अपिलं झाली आणि २०२५ च्या मध्याला अपिलांचा ढीग ५० हजारांवर गेला होता. तुंबारा एका खोलीतून शेजारच्या खोलीत सरकला.

हे सगळं मी भाच्याला फोनवर तासभर सांगितलं. तो म्हणाला, "ते समजलं मामा, पण आमच्या पीएसडब्ल्यूचं काय?" शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला मिळणारा तो दोन वर्षांचा व्हिसा. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना तो दीडच वर्षाचा मिळणार आहे. त्याचा प्रबंध सप्टेंबरात जमा होईल, निकाल लागायला नोव्हेंबर उजाडेल, विद्यापीठाने गृहखात्याला कळवल्याशिवाय अर्ज करता येत नाही. ३१ डिसेंबर ही तारीख त्याने खोलीतल्या फ्रीजवर चिकटवून ठेवली आहे.